ताटावरून उठलो त्याबद्दल

प्रिय मित्रा,

त्या दिवशी ताटावरून तसाच उठलो, त्याचा तुला राग आला हे कळलं. येणारच. पण चार लोकांत सांगायला जीभ वळली नाही, आणि खरोखरच वळत नव्हती, म्हणून हे पत्र.

बोन मॅरो ट्रान्सप्लांटला दीड वर्ष झालं. रक्ताचे रिपोर्ट छान आहेत. पण ताईच्या ज्या पेशींनी मला जगवलं, त्यांतल्याच काही आता माझ्या तोंडाला परकं समजून त्याच्यावर तुटून पडतात. याला क्रॉनिक जीव्हीएचडी (ग्राफ्ट व्हर्सस होस्ट डिसीज) म्हणतात. ताईला हे सांगितलं तर तिला वाईट वाटलं, जणू तीच भांडतेय माझ्याशी! गालांच्या आत पांढऱ्या रेघांची जाळी आहे, मधेमधे लालभडक, कुठे सोललेलं. तिखट सोडच, पुदिन्याच्या टूथपेस्टनेही आग होते. सध्या लहान मुलांची टूथपेस्ट वापरतो. हस खुशाल.

तुझ्याकडे पहिला घास घेतला आणि टाळूवर टरारून पाण्याचे फोड आले. तिथल्या बारीक लाळग्रंथींची तोंडं बुजलेली असतात. जेवताना लाळ सुटते आणि आतच तुंबते. जिभेने चाचपत होतो तेवढ्यात एक फुटला. दुखत नाही फारसं, पण समोर माणसं बसलेली असताना घास गिळावा की थुंकावा कळेना. उठलो.

एरवी तोंड कोरडंच. कोरडा घास भुशासारखा तोंडात फिरत राहतो. लाळ नाही म्हणून दातही हिरड्यांलगत किडायला लागलेत, त्यासाठी रोज फ्लोराइड. शिवाय डेक्सामेथासोन या स्टिरॉइडचं औषध ५ मिनिटं तोंडात घोळवून थुंकायचं, मग वीस मिनिटं पाणीसुद्धा नाही. ती ५ मिनिटं फोन वाजला की मी नुसता हुंकार देतो. तुझे दोन फोन त्यातच गेलेत.

आणि दर सहा महिन्यांनी दातांच्या डॉक्टरांकडून तोंड तपासून घ्यायचं, कारण अशा तोंडात पुढे कॅन्सर होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त. हे ऐकलं त्या रात्री बॅटरी लावून आरशासमोर तासभर आ करून उभा होतो. हे घरात कुणाला माहीत नाही.

पुन्हा बोलाव. मऊ, कोमट, बिनतिखटाचं काहीही चालेल, आणि शेजारी पाण्याचा तांब्या ठेव. मधेच उठलो तर माझ्या मागे येऊ नकोस, ताट मात्र उचलू नकोस.

तुझाच