कूपरेजला वार्ताहर हवा

महोदय,

‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २०२३ मध्ये क्रीडा विभागच मोडीत काढला. आपल्याकडे क्रीडापानाला कात्री लागली की पहिला बळी फुटबॉलचा! मुंबईच्या कूपरेज मैदानावर रोव्हर्स चषक ही फुटबॉल स्पर्धा रंगायची, तेव्हा हाफबॅकचा दम कुठल्या मिनिटाला सुटला, विंगरने बगल कशी दिली, हे जुने वार्ताहर ओळीओळीत दाखवत. खेळ कसा बघावा, हे आम्ही त्यांच्याकडूनच शिकलो. आता स्थानिक सामन्याचा नुसता गोलफलक मिळाला तरी नशीब. भारताचे फुटबॉलपटू नेव्हिल डिसोझांनी १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये हॅटट्रिक केली. वांद्र्यातल्या त्यांच्या नावाच्या मैदानावर आज कोणती पोरं चमकताहेत, हे आम्हाला कोण सांगणार? आठवड्यातून एकदा तरी या मैदानांवर वार्ताहर पाठवा, ही कळकळीची विनंती.

– एक फुटबॉलप्रेमी, परळ, मुंबई