कुंपणाच्या तारेतील मृत्यू आणि ‘मनात काही नव्हते’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोयाबीन भरात आले, की रोही आणि रानडुकरांपासून ते राखण्यासाठी धुऱ्यावर तार ओढून तिच्यात आकड्याची वीज सोडल्याच्या आणि त्या तारेला चिकटून एखादा शेजारी किंवा सालगडी दगावल्याच्या बातम्या आपल्या परभणी-हिंगोली भागात वाचायला मिळतात. अशा वेळी मथळ्यात ‘खून’ येतो आणि पारावर ‘त्याच्या मनात काही नव्हते’ असे म्हटले जाते. दोन्ही घाईचेच.

पीक वाचवणे हा हेतू झाला; तो वाईट नव्हता एवढ्याने प्रश्न मिटत नाही, कारण न्यायालय पाहते ते हे की, वीज सोडताना या तारेने माणूस मरू शकतो याची त्या शेतकऱ्याला जाणीव होती काय. तार पांदणीच्या तोंडाशी, अंधारात, कसलाही फलक न लावता ओढलेली असेल, तर ‘मला वाटले नव्हते’ हे पटणे अवघड आहे. (कृषिपंपाला वीज रात्री मिळते आणि माणसे त्याच वाटेने पाणी द्यायला जातात, हे आपल्याकडे कोणाला सांगावे लागत नाही.) अशी जाणीव सिद्ध झाली, तर मारण्याचा उद्देश नसतानाही तो सदोष मनुष्यवध ठरतो आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम 105 प्रमाणे 10 वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. नुसती हयगय असेल तर कलम 106 लागू होते, ज्यात कमाल शिक्षा 5 वर्षे आहे. जुन्या दंड संहितेच्या कलम 304-अ मध्ये ती 2 वर्षे होती.

बिहारमधील चेरुबिन ग्रेगरी खटल्यात आरोपीने आपल्या शौचालयाच्या वाटेवर विजेची उघडी तार लावली होती आणि तिला लागून शेजारीण मरण पावली. परवानगीविना आत येणाऱ्यालाही असा सापळा लावता येत नाही, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने 1963 मध्ये 304-अ खालील शिक्षा कायम ठेवली.

आणखी एक घोटाळा होतो. घाबरून प्रेत विहिरीत टाकले, की ‘थंड डोक्याने केलेला खून’ असे लिहिले जाते. पुरावा नाहीसा करणे हा कलम 238 खालील स्वतंत्र गुन्हा आहे. नंतरच्या त्या कृत्यावरून आधीचा मारण्याचा उद्देश आपोआप सिद्ध होत नाही.

तेव्हा विनंती एवढीच, की आपल्या बातमीदारांनी मथळा देण्यापूर्वी फिर्यादीतील कलम पाहावे आणि ते बातमीत छापावे.

आपला,
एक निवृत्त वकील, जिंतूर (जि. परभणी)