व्यवसायोपचार रुग्णाच्या घरापर्यंत यायला हवा

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पक्षाघातानंतरच्या व्यायामाविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले जाते, पण रुग्णाचा दिवस कसा जातो याविषयी क्वचितच. आईच्या आजारपणात व्यवसायोपचाराचा (ऑक्युपेशनल थेरपी), म्हणजे रुग्णाला रोजची कामे पुन्हा करता यावीत यासाठीच्या उपचाराचा, जो अनुभव आला, तो वाचकांपुढे ठेवावा म्हणून हे पत्र.

दोन वर्षांपूर्वी आईची उजवी बाजू पक्षाघाताने लुळी पडली. रुग्णालयातून सोडताना हातात व्यायामाचा कागद मिळाला: रबरी चेंडू दिवसातून तीन वेळा दाबायचा, बोटे उघडायची आणि मिटायची. ती एरवी दिवसभर काय करत असे, हे कोणीच विचारले नाही. महिन्याभरात तो चेंडू पलंगाखाली गेला. आम्ही तिला कंटाळा करते म्हणून बोल लावू लागलो आणि त्याच वेळी ‘आई, तू बस, आम्ही करतो’ असे म्हणत तिच्या हातातले एकेक काम काढूनही घेत होतो, हे आठवले की आजही वाईट वाटते.

पुढे एका परिचितांच्या सांगण्यावरून व्यवसायोपचार करणाऱ्या बाई घरी आल्या. हात तपासण्याआधी त्यांनी आईला तिचा पहाटेपासूनचा दिनक्रम विचारला आणि मग स्वयंपाकघर पाहिले. आठवड्याभरात चहा-साखरेचे डबे वरच्या फळीवरून ओट्यावर आले, घट्ट झाकणांचे डबे बदलले, ओट्याशी उंच स्टूल आले आणि न्हाणीघरात धरायला दांडी बसली. मेथी निवडताना परात सरकू नये म्हणून तिच्याखाली ओला पंचा घालायचा, उजव्या हाताने जुडी दाबून धरायची आणि डाव्या हाताने पाने खुडायची, हे त्यांनी शेजारी बसून शिकवले. पाच मिनिटेही चेंडू न दाबणारी आई त्या दिवशी अर्धी जुडी निवडून होईपर्यंत जागची हलली नाही, कारण रात्रीची भाजी तिच्यावर अवलंबून होती.

अमेरिकेतील व्यवसायोपचारतज्ज्ञ गॅरी कीलहोफ्नर आणि जॅनिस बर्क यांनी १९८० मध्ये मांडलेल्या आणि आज या क्षेत्रात सर्वत्र शिकवल्या जाणाऱ्या प्रारूपात याची कारणमीमांसा सापडते. एखादे काम माणसाला मोलाचे वाटते का, त्यात गोडी आहे का, आपल्याला ते जमेल असा भरवसा आहे का, यावर त्याची प्रेरणा ठरते. रोजच्या सवयी आणि घरातली आपली भूमिका त्या कामाला दिवसात जागा देतात. आणि भोवतालच्या वस्तू, जागा व माणसे ते सोपे तरी करतात किंवा अडवतात. शरीराची क्षमता या सगळ्यांच्या जोडीने काम करते. आमच्या घरात अडवणाऱ्यांत वरच्या फळीवरचे डबे होते, तसे आम्हीही होतो.

अमेरिकेत जन्मलेल्या कमलाबाई निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात या विषयाचे देशातले पहिले विद्यालय सुरू केले. असे असूनही ‘व्यवसायोपचार’ म्हटले की अनेकांना नोकरी-धंद्याचे प्रशिक्षण वाटते, किंवा हे फिजिओथेरपीचेच दुसरे नाव वाटते. येथे ‘व्यवसाय’ म्हणजे आंघोळीपासून देवपूजेपर्यंत माणूस दिवसभर करतो ते प्रत्येक काम, हे रुग्णालयांनी नातेवाइकांना पहिल्याच दिवशी समजावून सांगायला हवे.

शासनाला आणि रुग्णालयांना माझी विनंती आहे की, पक्षाघाताच्या रुग्णाला घरी सोडताना त्याचा पूर्वीचा दिनक्रम आणि त्यातले कोणते काम त्याला आधी परत हवे आहे, याची नोंद कागदावर व्हावी. व्यवसायोपचारतज्ज्ञाची निदान एक गृहभेट मिळावी. मनुष्यबळाअभावी तेही शक्य नसेल, तर नातेवाइकांना स्वयंपाकघराची, न्हाणीघराची आणि उंबऱ्याची छायाचित्रे मोबाइलवर काढून आणायला सांगावे आणि ती समोर ठेवून सल्ला द्यावा. याला फारसा खर्च येणार नाही.

आपला नम्र,
एक वाचक, सातारा