लॅपटॉप निवडून देणाऱ्या अण्णांस जाहीर आभारपत्र

आदरणीय अण्णांस,
सप्रेम नमस्कार.

आपले नाव-गाव कुठेही लिहायचे नाही ही आपली अट पाळूनच हे पत्र लिहीत आहे. वाडीत आपल्याला सगळे अण्णा म्हणतात, तेवढी ओळख पुरेशी आहे. आमच्या मुलीला लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात संगणक अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला आणि तिच्यासाठी लॅपटॉप घेण्याची वेळ आली, तेव्हा आपण जो वेळ दिलात त्याचे आभार ओटीवर बसून तोंडी मानले होतेच. पण ज्यांच्या घरी असाच प्रश्न उभा आहे त्यांनाही त्याचा उपयोग व्हावा, म्हणून हे उघडपणे लिहितो.

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात आमच्या घराची कौले उडाली आणि बागेच्या हिशोबाच्या, मोहोराच्या, फवारणीच्या जुन्या वह्यांचा अक्षरशः लगदा झाला. त्यानंतर आपणच एका कार्यालयाने मोडीत काढलेल्या डेस्कटॉपवर फ्रीबीएसडी ही मोफत संगणक-प्रणाली चढवून, दोन डिस्कांवर झेडएफएस या फाइल-रचनेची जोडी बांधून आमच्या माजघरात सर्व्हर, म्हणजे सगळ्यांच्या फायली सांभाळणारा संगणक, बसवून दिलात. एका डिस्कवर लिहिलेले दुसरीवर आपोआप उतरते, हे तेव्हा मला फार मोठे आश्चर्य वाटले होते. पुढे मुलीने पडवीत डेबियनवर (लिनक्सच्या एका प्रकारावर) चालणारा रास्पबेरी पाय नावाचा इवलासा संगणक लावून तापमान आणि पावसाच्या नोंदी सुरू केल्या. म्हणजे नवा लॅपटॉप येणार होता तो या दोघांच्या घरात.

ही गोष्ट माझ्या ध्यानातही नव्हती. मी आपल्याकडे आलो तो एका गेमिंग लॅपटॉपची जाहिरात खिशात घेऊन, कारण महाग म्हणजे चार वर्षे टिकणारा असा माझा साधा हिशोब होता. आपण जाहिरात बाजूला ठेवलीत आणि मुलीला विचारलेत, की जड काम कुठे होणार आहे? तिने सांगितले, की मोठ्या फायली आणि रात्रभर चालणारे प्रोग्रॅम घरच्या सर्व्हरवरच राहतील. त्यावर आपण म्हणालात, की मग लॅपटॉपला चांगला कळफलक, डोळ्यांना न शिणवणारा पडदा, भरवशाचे वाय-फाय आणि नेटची केबल लावायला जागा हवी. ग्राफिक्स कार्डाचे पैसे कशाला मोजायचे?

आपण स्वतः लिनक्सचे अभिमानी असूनही मॅकची बाजू प्रामाणिकपणे मांडलीत, याचे मला विशेष वाटते. मॅकओएस हे प्रमाणित युनिक्स आहे, दुसऱ्या संगणकावर दुरून काम करू देणारे एसएसएच त्यात मुळातच असते आणि सर्व्हरशी त्याचे चांगले जमते, हे आपण आधी सांगितलेत; मेमरी आत कायमची जोडलेली असल्यामुळे ती नंतर वाढवता येत नाही आणि बिघाड झाला तर मुंबई गाठावी लागेल, हे नंतर. विंडोजमध्येही २०१८ पासून एसएसएच सोबतच येते आणि डब्ल्यूएसएल घातले की लिनक्सही चालते, परंतु आमचा सर्व्हर एनएफएस या पद्धतीने घरातल्या संगणकांना फायली वाटतो आणि विंडोजच्या होम आवृत्तीत ती सोय नाही, त्यामुळे विंडोजला चालणारा, फायली वाटणारा सांबा हा प्रोग्रॅम वेगळा मांडावा लागला असता. अखेर कंपन्यांच्या वापरातून बाहेर पडलेला, २०१८ सालचा थिंकपॅड टी४८० आपण सुचवलात. इंटेलची वाय-फाय चिप, मेमरी बदलता येईल अशा दोन जागा, नेटच्या केबलचे छिद्र, आणि आमच्या भागात सर्वांत मोलाच्या अशा दोन बॅटऱ्या: एक आत, दुसरी मागून काढता येणारी, जी लॅपटॉप बंद न करता बदलता येते. आषाढात वीज किती तास जाते हे दापोलीकरांना सांगायला नको.

दुकानातला प्रसंग मात्र मी विसरणार नाही. आपण खिशातून डेबियनचा पेनड्राइव्ह काढून काउंटरवर ठेवलात, तेव्हा दुकानदाराच्या कपाळावर आठ्या पडल्या. आतले काहीही न पुसता त्यावरून लॅपटॉप सुरू करून आपण वाय-फाय, आवाज आणि कॅमेरा पाहिलात. झाकण मिटून पाच मिनिटे चहा घेतलात आणि झाकण उघडल्यावर यंत्र नीट जागे होते का, तेही तपासलेत. पहिल्या लॅपटॉपची मागची बॅटरी संपत आलेली निघाली, म्हणून दुसरा मागवलात. जाहिरातीतल्या लॅपटॉपच्या निम्म्याहून कमी पैशांत काम झाले आणि उरलेल्यातून मेमरी १६ जीबी झाली.

घरी आल्यावर पहिल्याच संध्याकाळी मुलगी रडकुंडीला आली, कारण सर्व्हरवरच्या तिच्याच फायलींत तिला काही लिहिता येईना. आपण फोनवरच सांगितलेत, की आपल्या घरच्यासारख्या साध्या मांडणीत एनएफएस माणसाला नावाने ओळखत नाही, रेशन दुकानदारासारखा कार्डाचा क्रमांक पाहतो. डेबियन पहिल्या वापरकर्त्याला १००० क्रमांक देते, फ्रीबीएसडी १००१, आणि मॅक ५०१; नाव तिन्हीकडे एकच असले तरी सर्व्हरच्या लेखी ती तीन वेगळी माणसे. क्रमांक सारखे केले आणि कुलूप उघडले.

दुसरी भानगड अस्सल मराठी होती. मुलीने मामाच्या जुन्या मॅकवर लिहिलेली ‘वाऱ्याच्या नोंदी’ ही फाइल आरसिंकने (फायली एका संगणकावरून दुसऱ्यावर उतरवणाऱ्या प्रोग्रॅमने) सर्व्हरवरच्या त्याच नावाच्या फाइलीवर टाकली, तर तिथे अगदी त्याच नावाच्या दोन फायली दिसू लागल्या. जुन्या मॅकची फाइल-रचना ‘ऱ’ हे अक्षर फोडून ‘र’ आणि खालचा नुक्ता असे दोन तुकडे साठवते, लिनक्स आणि फ्रीबीएसडीवर मात्र आपण टंकलेला अखंड ‘ऱ’ तसाच राहतो, हे आपण सांगेपर्यंत आम्ही डिस्कलाच दोष देत होतो. आरसिंकला नावातली अक्षरे साठवण्याची पद्धत बदलून घ्यायला सांगणारा पर्याय आपण दाखवलात. मराठीत फायलींना नावे देणाऱ्या घरांत ‘वारा’ निभावतो, ‘वाऱ्या’ अडतो, ही नोंद मी मुद्दाम इथे करून ठेवतो.

आता ती वसतिगृहात आहे. आमच्या ब्रॉडबँडला बाहेरून गाठता येईल असा जुन्या पद्धतीचा पत्ता मिळत नाही, पण आयपीव्ही६ हा नव्या पद्धतीचा मिळतो. त्यावर आपण वायरगार्डची सुरक्षित, खासगी वाट बांधून दिलीत आणि सर्व्हरवरचे काम उघडे ठेवणारा टीमक्स हा प्रोग्रॅम वापरायला शिकवलेत. त्यामुळे तिकडचे नेट तुटले तरी इकडे सर्व्हरवरचे काम चालू राहते आणि ती परत जोडली गेली की जिथे होती तिथेच येते. परवा रात्री तिने लोणेऱ्याहून पडवीतल्या रास्पबेरी पायकडून पावसाचा आकडा घेऊन मला फोनवर कळवला, तेव्हा मी त्याच पडवीत बसलो होतो आणि पाऊस माझ्या समोर कोसळत होता.

आपला पेनड्राइव्ह अजून आमच्याकडेच आहे. पुढच्या शनिवारी घेऊन येतो. सोबत आमसुले आणि घरचे फणसाचे गरे तळून आणतो. त्यांचे पैसे विचारू नयेत, ही माझी अट.

आपला कृतज्ञ,
एक आंबा बागायतदार,
दापोली तालुका, जिल्हा रत्नागिरी