फोडणीतल्या मोहरीसारखे ठिपके

मॅडम,

तुमच्याकडे रोज एवढे पेशंट येतात, आम्ही तुम्हाला आठवणार नाही. जुन्या फिल्मा भाजीच्या पिशवीत कोंबून आणणारी ती बाई म्हटलं, तर कदाचित आठवेल.

आप्पा ७१ वर्षांचे. कालनिर्णयवर दुधाचा हिशेब चोख लिहिणारा माणूस एकाच चौकोनात तीनदा 'दीड लिटर' लिहायला लागला. पंधरा दिवसांनी फिट आली. आधीच्या ठिकाणी एमआरआयवर ट्यूमरची शंका काढली आणि बायोप्सीची तारीखसुद्धा दिली.

तुम्ही त्या फिल्मा उजेडात धरल्यात आणि म्हणालात, "यात रक्ताचे बारीक डाग दाखवणारं एसडब्ल्यूआय घेतलेलंच नाही. पाचेक मिनिटं जास्त लागतील, घेऊन टाकू."

मग मला आत बोलावून स्क्रीन दाखवलीत. सूज पांढरी दाखवणाऱ्या फ्लेअर चित्रांत मेंदूच्या उजव्या बाजूला पांढरा ढग, डावीकडे जवळपास काहीच नाही. आणि एसडब्ल्यूआयवर कडेकडेने काळे ठिपके, फोडणी तडतडली की ओट्यामागच्या टाइल्सवर मोहरी चिकटते ना, अगदी तसे. ते बारीक रक्तस्रावांचे डाग. अल्झायमरमध्ये मेंदूत साचतं तेच बीटा अमायलॉइड इथे रक्तवाहिन्यांच्या भिंतींत साचतं, आणि आप्पांच्या शरीराची प्रतिकारशक्ती त्याच्यावरच उठली होती. ढग म्हणजे ती सूज. आजाराचं लांबलचक नाव, सेरेब्रल अमायलॉइड अँजिओपथी रिलेटेड इन्फ्लमेशन, मी बिलाच्या पाठीवर लिहून घेतलं, अजून जपून ठेवलंय.

तुम्ही नुसता रिपोर्ट लिहून मोकळ्या झाला नाहीत. माझ्यादेखत न्यूरोलॉजिस्टना फोन लावलात. २०१६ पासून याचे निकष आहेत, लक्षणं आणि एमआरआय जुळले, बाकीची कारणं बाद झाली, तर बायोप्सीशिवायही उपचार सुरू करता येतात, हे मी तिथेच ऐकलं. फोन ठेवता ठेवता मला विचारलंत, "ॲस्पिरिन चालू आहे का?" चालू होती. तिने रक्तस्राव वाढू शकतो, पण आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं.

पाठीतल्या पाण्याची तपासणी झाली, मग पाच दिवस सलाइनमधून स्टेरॉइड. बायोप्सी रद्द. महिन्याभराने पुन्हा एमआरआय केला तेव्हा ढग विरला होता. ठिपके आहेत तिथेच आहेत, ते राहणारच, हे तुम्ही आधीच सांगितलं होतंत.

त्या जादाच्या पाच मिनिटांसाठी आणि त्या फोनसाठी मनापासून आभार.

परवा आप्पा दूधवाल्याशी भांडले. २८ तारखेचं अर्धा लिटर त्याने जास्त लावलं होतं. मी कालनिर्णय पाहिलं. आप्पांचंच बरोबर होतं.

तुमची,
भाजीच्या पिशवीवाली