स्मरणसूत्रे रचायलाही शिकवा

मा. संपादक,

पाठांतराला सरसकट ‘घोकंपट्टी’ म्हणून हिणवतात, याचे मराठीची निवृत्त शिक्षिका म्हणून वाईट वाटते. कवितेची वृत्ते शिकवताना मी गणांचा, म्हणजे लघू-गुरू (ऱ्हस्व-दीर्घ) अक्षरांच्या तीन-तीनच्या गटांचा, तक्ता कधी घोकून घेतला नाही. ‘यमाताराजभानसलगा’ एवढेच म्हणवून घेई. त्यातली कोणतीही सलग तीन अक्षरे उचला, पहिल्या अक्षराचा गण हाती येतो. ‘यमाता’ म्हणजे लघू, गुरू, गुरू; झाला य गण. दहा अक्षरांत आठही गण! इंद्रधनुष्याचे ‘तानापिहिनिपाजा’ही तसेच. पण ही सूत्रे मुलांना आयती मिळतात. इतिहासाच्या सनावळ्यांसाठी, नद्यांच्या उपनद्यांसाठी स्वतःचे सूत्र कसे रचावे, हे कुणी शिकवत नाही. पाचवीपासून आठवड्याला एक तास त्यासाठी राखावा, अशी शिक्षण विभागाला कळकळीची विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, सातारा