डबीला गुंतवणूक म्हणू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या महिला पुरवणीतला स्किनकेअरचा लेख वाचून पेपर बाजूला ठेवला होता, पण तो 'गुंतवणूक' शब्द रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून आज सकाळी मशीनवर बसायच्या आधी हे पत्र लिहायला घेतलं. रुटीन नवीन सुरू करताना स्वस्तात हात घालू नका, पहिल्यापासूनच भारी प्रॉडक्टमध्ये गुंतवणूक करा, असं तुमच्या लेखात आहे. आम्ही जळगावची माणसं. इथे गुंतवणूक म्हणजे सोनं. अडीनडीला सराफाकडे नेलं की घडणावळ जाते पण सोन्याचे पैसे हातात पडतात. सीरमची सील फोडलेली बाटली कोण परत घेतं? त्यातून व्हिटॅमिन सी चं सीरम असेल तर ते उघडल्यावर हवेनं, उजेडानं आपोआप पिवळं आणि मग तांबूस पडत जातं, आमच्याकडच्या गरमीत तर लवकरच. हा खर्च आहे. ज्याला परवडतो त्याने जरूर करावा, पण त्याला गुंतवणूक म्हणून पोरींच्या मनात भरवू नका.

मला हे एवढं का लागलं ते सांगते. माझी मुलगी गेल्या वर्षी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होती, गालावर आणि कपाळावर पिंपल्स. वयाचे असतात, जातील असं मी म्हणायचे, पण तिला वर्गात लाज वाटायची आणि ते मला उशिरा कळलं, ही माझी चूक. एप्रिलमध्ये एका पार्लरमध्ये तिला 'स्टार्टर किट' दिलं, 7 डब्या-बाटल्या, 8,400 रुपये. मी ब्लाऊज शिवते. अस्तराच्या ब्लाऊजचे 350 घेते, म्हणजे ते 24 ब्लाऊज झाले, लग्नसराईत रात्री 1-1 वाजेपर्यंत बसून शिवलेले. तरी दिले. पोरीचा चेहरा आहे म्हटल्यावर आई हिशोब करत नाही, आणि हे विकणाऱ्यांना चांगलं माहीत असतं.

किटमध्ये फेसवॉश, टोनर, व्हिटॅमिन सी, ग्लायकोलिक अ‍ॅसिडचं काहीतरी (त्वचेवरचा मेलेला थर काढणारं), रात्रीचं रेटिनॉल (व्हिटॅमिन ए चा प्रकार), मॉइश्चरायझर आणि डोळ्यांखालची क्रीम. सगळं पहिल्याच दिवसापासून लावायला सांगितलं. आणि या सातात सनस्क्रीन नव्हतं! एप्रिलचं जळगाव, पारा 43-44 ला, पोरगी स्कूटीवर कॉलेजला जाणार, ग्लायकोलिक लावलं की चेहरा उन्हाला जास्त हळवा होतो, आणि किट देणाऱ्या बाईंनी सनस्क्रीनचं नावसुद्धा काढलं नाही. तुमच्या लेखातही सनस्क्रीनला दीड ओळ आहे आणि डोळ्यांखालच्या क्रीमला अख्खा परिच्छेद.

नवव्या दिवशी चेहरा लाल झाला, नुसतं पाणी मारलं तरी आग व्हायची, नाकाच्या बाजूची सालं निघायला लागली. पार्लरमध्ये नेलं तर म्हणाल्या "काकू, हे पर्जिंग आहे, आतली घाण बाहेर येतेय, बंद करू नका." आम्ही आणखी आठवडाभर चालू ठेवलं, याचं मला आजही वाईट वाटतं. पैसे परत मागितले तर सील उघडलंय, आता काही होणार नाही. त्याच आठवड्यात माझ्या पुतणीची हळद होती. सगळ्या पोरी पिवळ्या होऊन नाचत होत्या आणि माझी लेक ओढणी तोंडाला धरून आतल्या खोलीत बसली होती. तिला हळदीचं बोटही लावता आलं नाही, तिच्या आजीने लावायला हात पुढे केला तर ती ओरडली, आणि घरात कुणाला कळेना हिला काय झालंय.

शेवटी सरकारी दवाखान्यात स्किनच्या ओपीडीत नेलं. केसपेपर काढला, दोन तास लाईनीत बसलो. डॉक्टर मॅडमनी सातही डब्या टेबलावर मांडून बघितल्या आणि पहिलं वाक्य म्हणाल्या की हे सगळं आज बंद. सुरुवातीला पिंपल्स थोडे वाढले तर ते पर्जिंग असू शकतं, पण आग होणं, सोलणं हे पर्जिंग नाही, त्वचेवरचा संरक्षक थर खराब झालाय. ग्लायकोलिक आणि रेटिनॉल, दोन्ही नवीन, दोन्ही एकाच रात्री, सवय नसलेल्या चेहऱ्यावर, मग दुसरं काय होणार. तीन आठवडे फक्त साधा फेसवॉश, बिनवासाचं मॉइश्चरायझर आणि सकाळी सनस्क्रीन. सासूबाईंचा लिंबू-बेसनाचा लेपही बंद करायला सांगितला, लिंबू लावून उन्हात गेलं तर चेहरा भाजल्यासारखा होऊ शकतो म्हणाल्या.

फेसवॉश 190, मॉइश्चरायझर 260, सनस्क्रीन 380, एकूण 830 रुपये. चेहरा शांत झाल्यावर पिंपल्ससाठी अ‍ॅडापलीनचं जेल लिहून दिलं, तेही 300 च्या आत, सुरुवातीला आठवड्यातून तीनच रात्री आणि सगळ्या चेहऱ्याला मिळून मटारच्या दाण्याएवढं. दोन-अडीच महिने धीर धरा असं आधीच सांगितलं होतं, आणि खरंच तेवढे लागले. आज तिचे गाल जवळजवळ साफ आहेत.

मग मी आणि पोरीने एक रविवार बसून मोबाईलवर झूम करून दोन्ही मॉइश्चरायझरच्या मागची बारीक अक्षरं वाचली. जो घटक जास्त तो यादीत आधी लिहितात. किटमधलं 1,600 चं आणि मेडिकलमधलं 260 चं, दोन्हीत आधी पाणी, मग ग्लिसरीन, मग पेट्रोलॅटम आणि मेणासारखे चिकट पदार्थ. ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं, पेट्रोलॅटम ते उडू देत नाही, मॉइश्चरायझरचं मुख्य काम एवढंच. 1,600 वाल्यात वरून सुवास होता, काचेची जड डबी होती आणि यादीच्या शेवटी शेवटी कुठल्यातरी फुलांचे अर्क. नाजूक चेहऱ्याला त्रास देणाऱ्या गोष्टींत सुवासाचं नाव बरंच वर आहे, म्हणजे जादा पैसे देऊन आम्ही त्रास विकत आणला होता.

महाग ते सगळं फसवं असं मी म्हणत नाही. माझ्याकडे भारी पैठणीचं कापड येतं तसं साधं कॉटनही येतं, फरक असतो, मला हाताला कळतो. व्हिटॅमिन सी सारखी नाजूक वस्तू टिकेल अशी बनवायला आणि हवाबंद बाटलीत भरायला जास्त खर्च येत असेल. पण माप न घेता पैठणीचं ब्लाऊज शिवलं तर ते कपाटातच राहतं. नवीन मुलीला स्वतःची त्वचा तेलकट की कोरडी, काय सोसतं काय नाही, हेच माहीत नसतं. तिने आधी साध्या तीन वस्तूंवर माप घ्यावं, नवीन काही आणलं तर एका वेळी एकच, आणि आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला दोन-चार दिवस लावून बघावं. खर्चच करायचा असेल तर तो एकदा डॉक्टरांच्या फीवर करावा.

स्वस्त म्हणजे काहीही उचला असंही नाही. आमच्या गल्लीत दोघी-तिघी मेडिकलमधून गोरं व्हायची म्हणून स्टेरॉइडची ट्यूब आणून रोज लावतात, चेहऱ्याची त्वचा पातळ होऊन लाल रेषा दिसायला लागल्यात. 2018 पासून ही मलमं चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत असा नियम आहे, तरी मिळतात. आणि बिनलेबलच्या गोरेपणाच्या क्रीममध्ये पारा निघतो, त्याने किडनीला धोका. यावर लिहा ना कधीतरी मोठ्या अक्षरात.

सनस्क्रीनचं मात्र मला फार तळमळून सांगायचंय, कारण महाग घेतल्याने उलट नुकसान होतं. चेहरा आणि मानेला मिळून दोन बोटांच्या लांबीएवढं लागतं. मटारएवढं हे जेलचं माप, सनस्क्रीनचं नाही. 1,200 ची ट्यूब आणली की पोरी ती पुरवून पुरवून लावतात, आणि पातळ लावलं की ट्यूबवर लिहिलेला एसपीएफ, म्हणजे उन्हापासून बचावाचा आकडा, चेहऱ्याला मिळतच नाही. एसपीएफ 30 नीट लावलं तर यूव्हीबी म्हणजे उन्हातली त्वचा भाजणारी किरणं 97 टक्के अडतात, 50 ने 98 टक्के, मग त्या एका टक्क्यासाठी हात आखडता घेण्यापेक्षा 300-400 ची ट्यूब आणून मन मोठं करून लावावी. फक्त एसपीएफ 30 किंवा त्याच्या वर आणि सोबत पीए (यूव्हीए या दुसऱ्या किरणांपासून बचावाची खूण) लिहिलेलं बघून घ्यावी.

अजून एक. त्या लेखाच्या शेवटी उजव्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात 'प्रायोजित' छापलंय. मला सुईत दोरा ओवताना चष्मा लागत नाही, तरी ते मला दुसऱ्यांदा वाचताना दिसलं. जाहिरात असेल तर वर, मथळ्याच्या शेजारी, मोठ्या अक्षरात 'जाहिरात' लिहा. तुमच्या पेपरात आलं म्हणजे खरं असं मानणारी माझ्यासारखी पुष्कळ माणसं आहेत, आमच्या घरी सासऱ्यांपासून हाच पेपर येतो.

आणि पुरवणीत दर शनिवारी त्वचेच्या डॉक्टरांचं प्रश्नोत्तराचं सदर यायचं ते का बंद केलंत? ते परत सुरू करणार असाल तर माझा पहिला प्रश्न आत्ताच लिहून ठेवा: पोरगी सकाळी सनस्क्रीन लावते, वर स्कार्फ बांधून अर्धा तास स्कूटी चालवते, कॉलेजला पोचेपर्यंत घामाने अर्धं स्कार्फला पुसलं जातं. उन्हात दर दोन तासांनी परत लावा म्हणतात, तर तिने तिथे आधी तोंड धुवायचं, की नुसता घाम टिपून वरूनच लावलं तर चालेल?

आपली नियमित वाचक,
जळगाव